नवसाचा चणा

परवा परत एक जण आला. नव्या जहाजाचा मुकादम, अंगाला डांबराचा वास, हातात चण्यांची पिशवी. म्हणे, "तोरिबाकाका, यातल्या एका चण्यावर तुमच्या हातानं क्रूस कोरून द्या. तुमच्या हाताला यश आहे. तुम्ही कोरलेल्या चण्याचा नवस फिटला आणि ते जहाज कधी बुडालं नाही."

मी ती पिशवी त्याच्याच अंगावर फेकली. चणे अंगणभर झाले, कोंबड्यांनी टिपून खाल्ले. "म्हातारा चळला," म्हणत तो गेला. गेला तर गेला. बंदरातले सगळे मला असंच हरभऱ्याच्या झाडावर चढवतात आणि मला त्याची शिसारी येते. का येते ते आज सांगून टाकतो.

आमच्या दर्यावर्दी लोकांची एक रीत आहे. वादळात जहाज हातचं जायला लागलं की टोपीत चणे टाकायचे, माणशी एक. एका चण्यावर सुरीनं क्रूस कोरायचा. एकेकानं न बघता हात घालायचा. ज्याच्या हाती तो चणा येईल त्यानं सगळ्यांच्या वतीनं नवस फेडायचा. म्हणजे किनाऱ्याला लागलं की अंगात नुसता सदरा, पाय अनवाणी, हातात पाच रत्तल मेणाची मेणबत्ती, आणि चालत जायचं मिठागरावरच्या मारियामातेच्या देवळात. चणा हाती आल्यापासून मेणबत्ती ठेवेपर्यंत तो माणूस यात्रेकरू. त्याला कुणी धरायचं नाही, मारायचं नाही, अडवायचं नाही. राजाचा शिपाईसुद्धा टोपी काढून बाजूला होतो.

ऐकायला किती छान वाटतं, नाही? पण या रीतीला एक दुसरी बाजू आहे. ती पाद्र्यासमोर कुणी बोलत नाही. खलाशी म्हणतात, मातेनं ज्याला चणा दिला त्याच्याच पापानं वादळ आलेलं असतं. वाळूचं घड्याळ एकदा रिकामं होईपर्यंत वारा पडला, तर तिनं नवस घेतला. नाही पडला, तर तिला तो माणूसच हवाय. आधीच्या एका सफरीत मी हे पाहिलं होतं. चणा काढला होता फर्मीन नावाच्या सुताराने. घड्याळ रिकामं झालं, वारा तसाच. मग एक 'लाट' आली आणि फर्मीन गेला. त्या लाटेनं डेकवर दुसऱ्या कुणाचा पायसुद्धा भिजला नव्हता. आम्ही सगळे आपापल्या दोरांकडे बघत राहिलो.

तर, मी 'सांता ओलाया'वर भांडारी होतो. भांडारी म्हणजे ज्याला सगळे शिव्या घालतात तो. बिस्किटात किडे, भांडारी चोर. दारू आंबट, भांडारी चोर. जिनोव्हाचा तो माणूस समुद्रापलीकडं जाऊन आल्याला सात-आठ वर्षं झाली होती, आणि आमच्या नदीकाठच्या प्रत्येक रिकामटेकड्याला वाटायला लागलं होतं की आपणही एखादं बेट शोधावं. कप्तान मेंदोला तेच वाटलं. मेंदोची एक सवय सांगतो. तो करंगळीच्या नखानं कानातला मळ काढायचा, बघायचा, आणि मग त्याच हातानं ताटलीतला मासा उचलायचा. आमच्या कप्तानाबद्दल एवढं कळलं तरी बरंचसं कळलं.

चाळीस दिवस पाणी आणि आभाळ. पिंपातल्या पाण्याला तार सुटली होती. दात मिटून ओढायचं, म्हणजे आत जे काही असेल ते बाहेर राहतं. बिस्किटं डोळे मिटून खायची. हिरड्या सुजून दातांवर आल्या आणि काळ्या पडल्या. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आमच्या जहाजावर कुणी हसून म्हणत नव्हतं. सव्वीस माणसं, एकाच्याही अंगाला चाळीस दिवसांत गोडं पाणी लागलेलं नाही. आणि असे आम्ही त्या बेटाला लागलो.

मेंदोनं मखमलीचा अंगरखा घातला. झेंडा रोवला, तलवारीनं दोन फांद्या तोडल्या, ओंजळभर पाणी प्यायला, दहा पावलं इकडं नि दहा तिकडं चालला, आणि "हे सगळं आजपासून आमच्या राजाचं" असं ओरडला. लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं. तेवढ्यात ते पाणी बाधलं म्हणा की चाळीस दिवसांची घाण हलली म्हणा, त्याच्या पोटात कळ आली आणि मखमलीसकट तो झुडपाआड पळाला. तिथल्या लोकांनी पाहिलेला आमचा पहिला दरबार हा असा.

ते लोक घाबरून पळाले नाहीत. त्यांनी नाकाला हात लावला. आमचा वास येत होता त्यांना. दिवसातून दोनदा नदीत उतरणारी माणसं ती! त्यांच्यातली एक बाई पुढं आली, चाळिशीची, पुढचे दोन दात झिजलेले, हातात भोपळ्याच्या तुंब्यात पाणी. मी हात पुढं केला तर तिनं तुंबा मागं घेतला. आधी माझ्या हातांवर पाणी ओतलं, बोटं चोळून धुवायला लावली, मगच प्यायला दिलं. आमचा मुकादम बेनितो खिदळला, "तोरिबा, तुला सासू मिळाली रे!"

तिचं नाव आबेय. छातीवर हात ठेवून तिनं दोनदा सांगितलं. खलाशांनी मात्र तिला शेवटपर्यंत 'म्हातारी' म्हटलं.

चौथ्या दिवशी ती आणि सहा जण कंदाच्या भाकऱ्या घेऊन जहाजावर आले. मेंदो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तोरिबा, यांना खाली भांडारात ने. मनुका चाखव."

"किती वेळ, कप्तान?"

"नांगर वर येईस्तोवर."

मी विचारलं नाही असं नाही, बघा. 'किती वेळ' विचारलं. 'कशाला' ते नाही विचारलं. मी त्यांना खाली नेलं आणि एकेकाच्या तळहातावर मनुका ठेवल्या. आबेयनं मनुका हुंगून पाहिली, खाल्ली, हसली. वर साखळी खडखडत होती. जहाज हललं तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी, निर्लज्ज माणूस, तिच्या हातावर अजून चार मनुका ठेवल्या.

परतीच्या वाटेवर त्यांना तळाशी ठेवलं, भार म्हणून भरलेल्या दगडांवर. तिथं जहाजाचं सगळं सांडपाणी साचतं. त्यात काय काय असतं ते सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. दोघं मेले. राहिले पाच. जेवण त्यांना मीच द्यायचो, कारण तोंडं मोजून शिधा द्यायचा ही माझी चाकरी. एकतीस तोंडं, रोज एकतीस वाटे. हा आकडा माझ्या डोक्यात इतका बसला होता की झोपेतही मी एकतीसच म्हटलं असतं.

आमच्या बंदराला लागायला बारा-पंधरा दिवस राहिले असताना वादळ आलं. भर दुपारी आभाळ काळं झालं, मोठं शीड फाटलं, पाणी आत यायला लागलं. खालच्या पाचांना वर आणून पंपावर जुंपलं, कारण आमच्यातले निम्मे हातपाय गाळून प्रार्थना करत होते. काय एकेकाच्या प्रार्थना! ज्यानं सगळ्या सफरीत मारियामातेचं नाव शिवी देण्यापुरतं घेतलं, तो आता डोलकाठीला मिठी मारून "आई, आई" करत होता. करून करून भागले आणि देवपूजेला लागले. मेंदो गुडघ्यावर बसून ओरडला, "तोरिबा, चणे आण! जेवढी तोंडं तेवढे चणे!"

मी मोजले. एकतीस.

चूक माझीच. पण आता विचार करतो तेव्हा वाटतं, तेवढीच एक मोजणी मी आयुष्यात बरोबर केली.

एका चण्यावर मी क्रूस कोरला, चांगला खोल. टोपी मी धरली. पहिला हात कप्तानाचा, मग बेनितोचा, मग एकामागून एक सगळ्यांचे. कोरा, कोरा, कोरा. ज्याचा कोरा निघे तो लगेच निवांत होऊन दुसऱ्याच्या हाताकडं बघायला लागे. पंचवीस झाले. राहिलो मी. टोपीत सहा चणे दिसले तेव्हा कुठं माझी चूक माझ्या ध्यानात आली, पण आता बोलून काय उपयोग? मी हात घातला. पहिलाच चणा बोटात आला आणि अंगठ्याला खाच लागली.

फर्मीन आठवला. मी चणा सोडला. दुसरा घेतला, वर काढला, दाखवला. कोरा.

हे सगळं होईपर्यंत एक श्वाससुद्धा झाला नसेल. कुणी पाहिलं नाही. माझ्या डावीकडं पंप होता आणि पंपाच्या दांड्याशी आबेय उभी होती. ती टोपीत बघत होती.

"मग क्रूस कुठाय?" बेनितो किंचाळला. "भांडाऱ्या, तू क्रूस कोरलास की नाही?"

"कोरलाय. मोजताना यांची पाच तोंडंही धरली मी."

"तुझ्या आयला तुझ्या!" त्यानं हात उगारला, पण मेंदोनं त्याला थांबवलं. टोपीत खुणेचा चणा तसाच ठेवून मध्येच थांबायचं, म्हणजे मातेला बोलावून दार लावून घ्यायचं. एवढा धीर कुणात नव्हता. मेंदो म्हणाला, "आण त्यांना. काढू दे."

आबेय पहिली आली. तिनं हात घातला, माझ्या डोळ्यांत बघत बघत चणा वर काढला आणि उघड्या तळहातावर धरला. क्रूस. मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली. बेनितोनं वाळूचं घड्याळ उलटं केलं. आमच्यातले चौघं खलाशी सरकत सरकत तिच्या मागं जाऊन उभे राहिले, ते कशासाठी, हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं.

घड्याळात बोटभर वाळू राहिली असताना वारा पडला.

मग जे झालं ते वादळाहून वाईट. सकाळपर्यंत जे तिला लाथेनं उठवत होते, ते तिच्या पाया पडायला लागले. तिच्या चिंधीची कड ओठांना लावायला लागले, सडलेल्या हिरड्यांच्या त्या ओठांना. मेंदोनं तिच्या डोक्यावर बादलीभर समुद्राचं पाणी ओतून तिला ख्रिस्ती केलं, म्हणजे मातेनं नवस परका म्हणून परत करायला नको. तिला वर डेकवर जागा दिली. बाकीचे चौघं परत खाली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

ती खाईना. दोन दिवस भाकरीकडं बघितलंसुद्धा नाही. आता यात्रेकरू वाटेत मेला तर नवस कुजतो, म्हणून सगळे माझ्यावर गुरगुरले, "तोरिबा, खायला घाल तिला, काही कर." मी तिच्यासमोर बसलो. तिला आमचे पन्नासेक शब्द यायला लागले होते, मला तिचे दहा. ती चणा दाखवून विचारत होती, हे काय? मी हातवारे करून सांगितलं. मेणबत्ती. चालायचं. आईचं घर. मेणबत्ती ठेवायची. "आणि मग?" तिनं विचारलं.

मी मावळतीकडं बोट दाखवलं. म्हणालो, "घर. तुझं घर."

का म्हणालो? तिनं खावं म्हणून. तिची नजर माझ्यावरून हटावी म्हणून. खोटं बोलायला मला कधी फारसा विचार करावा लागला नाही. तिनं खूप वेळ माझं तोंड न्याहाळलं. मग बेनितोकडं वळून तिनं त्यालाही तेच विचारलं, मेणबत्ती, घर? बेनितो गालात हसला आणि मान हलवली, हो हो, घर. मग तिथल्या आणखी दोघांनीही हलवली. गंमत म्हणून. तेव्हा तिनं भाकरी उचलली.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी डेकवर सराव करायची. दोर अडकवायची एक लाकडी खुंटी दोन्ही हातांत उभी धरून, अनवाणी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खुंटी जरा तिरकी झाली की परत पहिल्यापासून. खलाशी हसायचे. मी भांडारात जाऊन बसायचो.

बंदराला लागल्यावर उरलेल्या चौघांना बांधून कुठं नेलं ते मी पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे पाठ केली. मेंदोनं मला बोलावलं.

"उद्या सकाळी तू तिच्याबरोबर चालायचंस. साक्षीदार म्हणून. मी खेचरावरून पुढं जाऊन देवळाच्या दारात थांबतो."

"दारात कशाला, कप्तान?"

या वेळी मी 'कशाला' विचारलं. उशिरा का होईना.

"मेणबत्ती ठेवली की नवस फिटला. नवस फिटला की यात्रा संपली. यात्रा संपली की ती माझी. सेव्हिलच्या एका बाईंना मी धुण्याभांड्याला एक कबूल केलीये." आणि कानात करंगळी घातली.

"मातेनं तिला निवडलं हो, कप्तान. तिच्यामुळं आपण..."

"मातेनं मेणबत्ती मागितली, तोरिबा. ती मिळतेय तिला. तू काय मातेचा वकील?"

बेनितोला सांगून पाहिलं. ज्यानं तिच्या चिंधीचा मुका घेतला होता तो बेनितो. तो म्हणाला, "चणा लागला म्हणून काय जन्मभर देव्हाऱ्यात ठेवायची? तू फार डोकं चालवू नकोस." गरज सरो, वैद्य मरो. थू! मी तिथंच थुंकलो. त्याला वाटलं, तंबाखूसारखं काही पान चघळायला मी त्या बेटावर शिकलो.

मग मी डोकं चालवलंच. मेणबत्ती ठेवेपर्यंत ती यात्रेकरू. मग ठेवलीच नाही तर? ती देवळापर्यंत पोचलीच नाही, तर जन्मभर यात्रेकरू. कुणी हात लावायचा नाही. नवस राहिला तर राहिला. खरं तर तो नवस तिचा नव्हताच, माझा होता. बुडालो असतो तर मी बुडालो असतो. मिठागरांच्या मधोमध पवनचक्कीपाशी वाट फुटते, डावी देवळाकडं, उजवी खाडीकडं. खाडीपलीकडं माझी विधवा बहीण ब्रियांदा राहते. मी संध्याकाळी तिच्याकडं गेलो आणि सगळं सांगितलं, चण्यासकट. तिनं हातातलं जाळं खाली ठेवलं आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

"लहानपणीही तू असाच होतास," ती म्हणाली. "बोर किडकं निघालं की माझ्या हातात द्यायचास. होडी घेऊन सकाळी थांबते मी. तुझ्यासाठी नाही, लक्षात ठेव."

सकाळी आबेय निघाली. अंगात पांढरा सदरा, दोन्ही हातांत मेणबत्ती, अगदी सरळ. गावातल्या बायका दारात आल्या. एकीनं तिच्या हाताला ओठ लावले, "बाई गं, माझ्या लेकरासाठी मातेला सांग." दुसरीनं अंजिरं दिली. ज्या बाया कालपर्यंत "त्या जनावरांना बंदरातून हलवा, वास येतो," म्हणत होत्या, त्याच या. जुलैचं ऊन. मिठागराच्या वाटेवर मीठ खड्यासारखं बोचतं. कोसभरात तिच्या टाचा फुटल्या आणि मागं लाल ठिपके पडायला लागले. ती थांबली नाही. मध्येच माझ्याकडं वळून म्हणायची, "आईचं घर. मग घर." मी मान खाली घालून चालत होतो.

पवनचक्कीपाशी मी उजवीकडं वळलो. "इकडून."

ती थांबली. डावीकडं टेकाडावर देऊळ दिसत होतं, पांढरं, छोटं. तिला खलाशांनी जहाजावरूनच दाखवलं होतं ते. तिनं हनुवटीनं तिकडं खूण केली.

"नाही," मी म्हणालो. "तिकडं नाही. तिकडं कप्तान. दोर." मी मनगटं एकावर एक ठेवून दाखवली. "घर नाही. मी खोटं बोललो. खोटं. तिकडं घर नाही!"

ती देवळाकडं वळली. खालून ब्रियांदा ओरडली, "आयुष्यात एक काम माणसासारखं करतोयस, तर पटकन कर! ओहोटी लागलीये!"

मी आबेयचा दंड धरला. मी, यात्रेकरूचा दंड. मेणबत्ती हेलपाटली, तिनं ती छातीशी घट्ट धरली आणि मला हिसडा दिला. मग तिनं उजवा हात मोकळा केला, माझ्या तोंडासमोर आणला, मूठ वळली, अंगठा बोटावर घासला, आणि मूठ उघडून काहीतरी खाली सोडलं. जे सोडलं ते दिसत नव्हतं. मला दिसलं.

"तू," ती म्हणाली. "तू खोटा."

आधी मनुका, मग चणा, मग घर. आणि आता हा माणूस पहिल्यांदा खरं सांगतोय, ते तिनं कशावरून मानायचं? घर आहे म्हणणारे अजून तिघं होते आणि नाही म्हणणारा हा एकटा, तोही चणा सोडणारा. तिच्या हिशेबी मी तिची मेणबत्ती ठेवू देत नव्हतो. मी तिला घरी जाऊ देत नव्हतो.

मी परत तिला धरायला गेलो तर तिनं हाताला कडकडून चावा घेतला, त्या झिजलेल्या दातांनी. ब्रियांदा धापा टाकत वर आली होती. तिनं मलाच मागं ओढलं. "सोड तिला. ओढून नेलंस तर मेंदोत आणि तुझ्यात फरक काय राहिला?" मग ती आबेयसमोर जाऊन हात जोडून म्हणाली, "बाई, नको गं जाऊस." पण ब्रियांदाला तरी ती कुठं ओळखत होती? माझ्याच तोंडवळ्याची एक बाई, एवढंच दिसलं असेल.

आबेय पळत सुटली. फुटलेल्या टाचांनी, मिठावरून, मेणबत्ती सरळ धरून. जहाजावर सराव केला होता ना तिनं. मी मागं पळालो, पण माझं वय आणि माझं पोट. मी टेकाडावर पोचलो तेव्हा ती दारात होती.

मेंदो दगडी बाकावर बसून ऑलिव्ह खात होता, बिया पायरीवर थुंकत. तिला पाहून तो उठला आणि त्यानं टोपी काढली. रीत ती रीत! खेचरवालाही टोपी काढून बाजूला झाला. ती त्यांच्यामधून आत गेली. मी दारातून पाहिलं. मातेच्या पायाशी तिनं मेणबत्ती ठेवली, जरा तिरकी झाली ती परत सरळ केली, आणि दोन पावलं मागं येऊन नीट बघितलं. मग बाहेर आली. त्या मनुकेनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. तिनं माझ्याकडंही रागानं पाहिलं नाही. हात लांब करून मावळतीकडं दाखवला, खाली नदीत जहाजं उभी होती तिकडं.

"घर," ती म्हणाली.

मेंदोनं टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली, आणि खेचरवाल्याला मान हलवली. दोर खोगिरालाच अडकवलेला होता.

मनगटं बांधताना तिनं आरडाओरडा केला नाही. ती दोराकडं बघत होती, मग तिनं माझ्या मनगटांकडं पाहिलं. पवनचक्कीपाशी मी ती एकावर एक ठेवून दाखवली होती, अगदी तशीच.

मेंदो जाताजाता म्हणाला, "साक्ष लिहून दे हं, तोरिबा. नवस फिटला म्हणून." आणि मी लिहून दिली.

आठ दिवसांनी मी देवळात गेलो. देवळाचा राखणदार सुरी घेऊन तीच मेणबत्ती खरवडत होता. म्हणाला, "मेण उत्तम आहे, पण उन्हानं मऊ झालेलं, त्यात कुणीतरी फार घट्ट धरलीये. अशी खराब दिसते मातेसमोर." मी त्याच्या हातातून ती घेतली. मेणात बोटं रुतलेली होती, दोन्ही हातांची. आठ बोटं आणि दोन अंगठे. मोजायची माझी सवय काही गेली नाही.

मी माझी बोटं त्या खाचांत ठेवून पाहिली. बसली नाहीत. तिचे हात माझ्याहून लहान होते. राखणदार म्हणाला, "आणा इकडं, गुळगुळीत करायचीये," आणि मी ती त्याला परत दिली.